बिअरच्या चोथ्याच्या मागावर

बिबवेवाडी

आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं मुलांकडे अमेरिकेला जाऊन आली आहेत आणि जिन्यात भेटली की अजूनही त्याबद्दल ऐकवतात. खराडीला मात्र कुणीच गेलेलं नाही, अशी माझी परवापर्यंत समजूत होती. म्हणून हे प्रवासवर्णन. शहर एकच, महापालिका एकच, पण बिबवेवाडीचा माणूस खराडीला पोहोचला की त्याला कुणीही ‘आपण कुठले?’ असं विचारावं, इतका फरक आहे. लिहितानाही माझा संताप ओसरलेला नाही. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, पोरांनी परीक्षानळ्या फोडल्या, आम्ल सांडलं, पण तेव्हासुद्धा मी इतकी चिडले नव्हते.

कारण झालं दूध. सोसायटी उभी राहिली तेव्हापासून आमच्याकडे सुभद्राबाईंचा रतीब आहे. बाई खराडीच्या. त्यांचा म्हशींचा गोठा. पूर्वी त्यांचे यजमान सायकलला कॅन लावून यायचे. ते गेल्यावर मुलगा विजय येऊ लागला. मधल्या काळात खराडीच्या जमिनींचं सोनं झालं, विजयकडे भली मोठी पांढरी गाडी आली, गळ्यात साखळी आली, डोळ्यांवर काळा चष्मा आला. पण दूध चुकलं नाही. इतकंच, की आता ते त्या गाडीतून येतं आणि विजय काळा चष्मा कपाळावर सरकवून दारोदार माप ओततो. आईची ताकीदच आहे, मी जिवंत आहे तोवर रतीब मोडायचा नाही.

एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनींनी कौतुकानं विचारलं, “विजय, हल्ली साय काय जाड येते रे! म्हशींना खायला काय घालता?”

विजयला कौतुकाची सवय नाही. तो छाती फुगवून म्हणाला, “बिअरचा माल हाय ना वैनी. आपल्या जागेत ब्रुवरी टाकलीय त्यांनी, तिथला.”

झालं! दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर दारुड्या म्हशींची चर्चा सुरू झाली. कुणाचा नातू हल्ली फार झोपतो. कुणाला चहाला वास येतो. कुणाच्या सत्यनारायणाचा प्रसाद बाटला. मी शांतपणे लिहिलं, की बिअर करताना जव गरम पाण्यात भिजवतात, त्याचं गोड पाणी काढून घेतात, आणि उरलेला चोथा बाजूला काढतात. दारू पुढे त्या पाण्याची होते, चोथ्याची नाही. चोथ्यात अल्कोहोल नसतं. इतकं सविस्तर लिहिल्यावर मला उत्तर म्हणून हात जोडल्याचं एक चित्र आलं. नंतर आणखी चार आली.

संध्याकाळी आमचे सेक्रेटरी मराठे यांनी फलक लावला. ‘सदर दूध देवकार्यास चालते किंवा कसे, याचा खुलासा होईपर्यंत सभासदांनी ते आपापल्या जबाबदारीवर प्यावे.’ खाली सही आणि शिक्का. दुधाला शिक्का मारलेला मी पहिल्यांदाच पाहिला. जाब विचारायला त्यांच्या दारात गेले, तर म्हणाले, “मॅडम, तुम्ही सायन्सच्या. आपणच प्रत्यक्ष जाऊन बघून या. निष्पक्ष अहवाल द्या. रतीब ठेवायचा की पिशव्या सुरू करायच्या, ते सभेत ठरवू.”

मी म्हटलं, देते अहवाल.

खराडी, गावठाण

विजय परतीच्या फेरीत मला गाडीतून घेऊन गेला. त्या गाडीत चढायला पायरी आहे, ती चढल्यावर आणखी एक आहे. आत अत्तराचा आणि सांडलेल्या दुधाचा एकत्र वास. मागे रिकामे कॅन प्रत्येक खड्ड्यात खणाणत होते. विजय एका हातानं गाडी चालवत होता, आणि दुसऱ्या हातानं मला समजावत होता.

“बाई, खरं सांगू का? तुमी बंदच करा एकदाचं. बाकीची घरं कवाच सुटली. तुमची सोसायटी हाय म्हनून आई म्हशी धरून बसलीय. ब्रुवरीवाल्याला पार्किंगला जागा पायजे, रोज माज्या मागं लागलाय. आई म्हनती, ते लोक दूध घेत्यात तवर न्हाई.”

“आणि आम्ही बंद केलं तर?”

“तर म्हशी इकायच्या. तिनंच शब्द दिलाय मला. दूध घ्यायला कोन उरलं न्हाई तर मी हट्ट करनार न्हाई, म्हनली.”

एका म्हाताऱ्या बाईचा गोठा मराठ्यांच्या शिक्क्यावर येऊन ठेपला होता, आणि हे त्या फलकाखाली उभं राहून सायीची चर्चा करणाऱ्यांपैकी कुणाला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी काय फरक पडला असता, कोण जाणे.

खराडीचं वर्णन काय करावं! हमरस्त्याला काचेच्या उंच इमारती. त्यांच्यात दुसऱ्या काचेच्या इमारती दिसतात, आणि गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवलेली पोरं त्यांतून मुंग्यांसारखी आत-बाहेर करतात. चहाच्या टपरीवर तेलुगू, हिंदी, इंग्रजी, सगळं ऐकू येतं. मराठी ऐकायला दोन वळणं आत जावं लागतं. तिथे मारुतीचं देऊळ, पार, पत्र्याची पिठाची गिरणी, तालीम. आणि या दोन खराड्यांच्या बरोबर मधोमध, ब्रुवरीच्या मागच्या भिंतीला खेटून, सुभद्राबाईंचा गोठा.

बाई माझ्याच वयाच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात शेणाची पाटी. मला पाहून त्यांनी पाटी खाली ठेवली.

“या बाई! इतकी वर्सं दूध पेताय, आज तोंड दावलंत.”

मी पुढे व्हायला गेले आणि व्हायचं तेच झालं. ओल्या फरशीवरून पाय सटकला, चप्पल शेणात रुतली आणि पट्टा तुटला. उरलेला दिवस मी विजयचे होडीएवढे बूट घालून अहवालाचं काम केलं. म्हशींनी माना वळवून पाहिलं. त्यांच्यापुढच्या गव्हाणीत तो बदनाम चोथा होता, अजून वाफा निघत होत्या. मी मूठभर उचलला, हुंगला. गुळाआधीच्या लापशीचा येतो तसा वास. चिमूटभर तोंडात टाकला. कोंडा, किंचित गोडी, बाकी काही नाही.

“गोडीनं खात्यात बघा,” सुभद्राबाई एका म्हशीच्या पाठीवर थाप मारत म्हणाल्या. “सरकी-पेंड घालत हुते तवा असं न्हवतं. ही तर मालाच्या डरमाचा आवाज आला की दावं तोडाय बघती.”

जेवायला त्यांनी बसवून घेतलं. बाजरीची भाकरी, पिठलं, लसणीची चटणी, आणि नुकत्याच व्यालेल्या म्हशीच्या चिकाचा खरवस. खरवस इतका सुरेख होता, की मी तोपर्यंत कशावर चिडले होते तेच क्षणभर आठवेना. हात धुवायला अंगणात आले, आणि आठवलं. तुळशीवृंदावनाजवळ एक गाय बांधलेली होती, गोठ्यापासून लांब. तिच्यापुढे नुसता कडबा.

“ही वेगळी का?”

“ती देवाची हाय. घरच्या देवाला तिचंच दूध लागतं.”

“तिला चोथा देत नाही?”

“छ्या! तिला न्हाई.”

माझा पारा चढला. “वा! म्हणजे तुमच्या देवाला वेगळं, आणि आमच्या देवाला हे?”

बाईंनी पदरानं हात पुसले. “तुमचा देव तुमच्यासंगं शहरात ऱ्हातो, त्याला चालत आसंल, म्हनलं.”

मी विजयच्या बुटांत ताडकन उभी राहिले. तशा त्या हसल्या आणि मला पुन्हा ओट्यावर बसवलं. “चिडू नगा ओ. सासूनं घालून दिलंय ते. इकत आनलेलं कायबी त्या गाईच्या तोंडाला लावायचं न्हाई. पेंड न्हाई, भुसा न्हाई. आपल्या रानातला कडबा तेवढा. आता रान कुठं ऱ्हायलं? भाच्याच्या रानातनं आनते. ब्रुवरी कालची, ही रीत माज्या लग्नाआधीची.”

म्हणजे बिअरचा काही संबंधच नव्हता. मी खजील झाले, पण मनात ते टिपून ठेवलं. अहवालात सगळं यायला हवं, ही माझी शिकवण्याच्या धंद्यातली खोड.

निघताना त्यांनी विचारलं, “घेतील न्हवं दूध तुमचे लोक?”

“न घ्यायला काय झालं?” मी म्हटलं.

खराडी, ब्रुवरी

शनिवारी दुपारी पुन्हा गेले, या वेळी पुढच्या दारानं. दारात रांग होती! बाहेर रणरणतं ऊन आणि तिशीतली पन्नासेक माणसं टेबल मिळावं म्हणून उभी. आमच्या पिढीनं रॉकेलसाठी रांगा लावल्या, त्यात निदान कुणी हसत नव्हतं. काळ्या कपड्यातल्या मुलीनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

“आंटी, तुम्ही कोणासोबत आहात?”

“चोथ्यासोबत,” मी म्हटलं. “तुमच्या ब्रुअरना बोलवा.”

आत पाऊल टाकलं तर आवाजानं छातीत धडधड व्हायला लागली. एका काचेमागे स्टीलच्या उंच टाक्या. समोर लाकडी लांबलचक टेबलं, त्यांवर छोट्या फळ्यांवर ओळीनं मांडलेले चवीपुरते छोटे ग्लास, काळ्या बिअरपासून पिवळीपर्यंत. आणि मेनूकार्ड! त्यात मिसळ होती. मागवली. फरसाण एका वाटीत, रस्सा काचेच्या बरणीत, मटकी एका चमच्यात मोजून, आणि पावाऐवजी टोस्टचे तुकडे. हे सगळं आपण एकत्र करायचं म्हणे. मग तुम्ही काय केलंत? मी वेटरला तसं विचारलंही. तो “येस मॅम” म्हणाला आणि निघून गेला.

ब्रुअर मात्र भला निघाला. चिन्मय नाव, कराडचा, गुडघ्यापर्यंत गमबूट, अंगाला जवाचा वास. मी रसायनशास्त्राची म्हटल्यावर त्यानं काचेमागे नेलं. भरडलेला जव, गरम पाणी, तापमान, सगळं दाखवलं. नळ सोडून यीस्ट घालण्याआधीचं गोड पाणी एका पेल्यात दिलं. काकवीत पाणी घालावं तशी चव, शेवटाला भाजल्या धान्याचा खमंगपणा. मी पेला रिकामा केला. यीस्टनंतरचंही एक घोटभर चाखलं. खोटं कशाला बोलू? कडू लागलं, पण वास भट्टीतून निघालेल्या ताज्या पावासारखा होता.

“पण एवढी रांग का लागते हो?” मी विचारलं. “बाटलीतली बिअर काय वेगळी असते?”

“मॅम, इथे लोक मला येऊन सांगतात,” चिन्मय म्हणाला. “बघाच तुम्ही.”

तेवढ्यात खरंच एक मुलगी काउंटरवर आली, गळ्यात ऑफिसची पट्टी. “दादा, लास्ट वीकची भारी होती यार. या वेळी जरा कडू झालीय ना?” यानं तिला नवा माल कुठून आला, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं किती घातली, सगळं समजावलं. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, “ओके, नेक्स्ट वाली कधी? मी बाबांना घेऊन येते.”

मला त्या मुलीचा राग यायला हवा होता. आला नाही. ती पोरगी आपण काय पितो ते कुणी केलं, कशाचं केलं, आज वेगळं का लागलं, हे करणाऱ्याच्या तोंडाकडे बघून विचारत होती. तिच्या फ्रीजमधलं दूध कुणाचं, हे तिला माहीत नसेल. मुंबईचं, गुजरातचं, कुठलंही असेल. पण बिअर कुणाची, ते माहीत आहे. या रांगेतली निम्मी माणसं त्यासाठीच येत असणार, नशा तर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. आणि आम्ही? आमच्या दाराशी येऊन माप ओतणाऱ्याला साय कशानं जाड झाली ते विचारलं, त्यानं खरं सांगितलं, तर त्यालाच आरोपी केलं! मी हे मनात घोळवत असतानाच कोपऱ्यातून ओळखीचं खोकणं ऐकू आलं.

मराठे होते. सेक्रेटरी मराठे. सहकुटुंब, सहपरिवार, समोर उंच ग्लास, ग्लासाच्या काठावर संत्र्याची फोड.

“अहो मॅडम, आपण इथे?”

“मी अहवालासाठी आले. आपण?”

“सूनबाईंचा वाढदिवस.”

“हो का? शुभेच्छा. ग्लास सूनबाईंचा का?”

सूनबाईंपुढे स्वतःचा ग्लास होता. मराठ्यांनी आपला किंचित मागे सरकवला. “ही गव्हाची असते. म्हणजे तसं पाहिलं तर धान्यच. आणि हे क्राफ्ट आहे, मॅडम. लोकल. आपल्या माणसांना प्रोत्साहन द्यायला नको?”

“या भिंतीमागे आपलीच एक बाई म्हशी राखते. तिला शिक्का मारलात. त्या म्हशी याच पिंपाचा चोथा खातात. दारू त्यात नाही, ती तुमच्या ग्लासात आहे.”

मराठे जराही गडबडले नाहीत, मला त्याचाच जास्त संताप आला. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, “मॅडम, आपण पितो ते आपल्यापुरतं. दूध देवाला जातं. हे दोन विषय वेगळे आहेत.”

मी पर्समध्ये पुरावा म्हणून डबाभर चोथा घेतला होता. परतीच्या बसमध्ये डबा कलंडला आणि पर्सच्या तळातून गळू लागला. शेजारच्या गृहस्थांनी हवा हुंगली, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि उठून दुसरीकडे बसले. स्वारगेटपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. त्यांनाही चार शब्द सुनावणार होते, पण बसमध्ये कुणाकुणाला पुरी पडणार?

परत बिबवेवाडी

सभा रविवारी, पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. एरवी पाण्याच्या टाकीच्या प्रश्नाला सात डोकी जमतात. म्हशींसाठी सगळी आली. मी उरलेला चोथा ताटलीत ठेवला, प्रक्रिया समजावली, चिमूटभर सर्वांसमोर खाल्ला. माना डोलत होत्या. मग मी म्हटलं, की जी वस्तू कोण करतो ते आपल्याला माहीत आहे, ती सोडून जिचा पत्ता पिशवीवर बारीक अक्षरात असतो ती आपण घेणार आहोत. सुभद्राबाईंनी मुलाला काय शब्द दिलाय, तेही सांगितलं. आज आपण रतीब मोडला, तर तो गोठा जाईल. दोन बायका पदर सावरून पुढे सरकून बसल्या. मला वाटलं, जिंकले.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मराठे गंभीर चेहऱ्यानं टिपणं काढताना दिसले आणि माझा तोल गेला. “ज्या ब्रुवरीच्या चोथ्यामुळे दूध बाटतं,” मी म्हटलं, “त्याच ब्रुवरीत काल आपले सेक्रेटरी बिअर पीत बसले होते!”

मी शांततेची वाट पाहिली. शरमेची म्हणा हवं तर. झालं भलतंच. सगळे हसले. मोकळेपणानं, आपुलकीनं हसले.

“कुठली घेतलीत मराठे, व्हीट का?” पुढच्या रांगेतले पानसे विचारते झाले.

“आम्ही त्यांची काळी घेतो, कॉफीची चव येते,” तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई.

“खराडी लांब पडतं हो. आम्ही बाणेरला जातो. तिथली आंब्याची घेऊन बघा एकदा,” हे कुलकर्णी वहिनी! ज्यांच्या प्रश्नानं हा सगळा वणवा लागला त्या कुलकर्णी वहिनी!

पाच मिनिटं माझ्या अहवालाच्या ताटलीभोवती पुण्यातल्या ब्रुवऱ्यांची तुलना चालली. सगळे जाऊन आले होते. खराडी न पाहिलेली मी एकटीच होते. पूर्वी माणूस पिऊन आला की जिन्यात भिंतीला धरून गुपचूप चढायचा. आता त्याचं कौतुक सांगतात, आणि सांगू देत बापडे, माझी त्याला हरकत नाही. हरकत याला आहे, की ज्या भांड्यातलं पाणी तुम्ही मिटक्या मारत पिता, त्याच भांड्यातल्या कोंड्यावर तुमचं सोवळं मोडतं!

शेवटी मराठ्यांनी टाळी वाजवून सभा आवरली. “मॅडम, एकच प्रश्न. त्या बाई स्वतःच्या देवाला कुठलं दूध वापरतात?”

आता इथे दुसऱ्या कुणी थाप मारली असती. ‘हेच’ म्हणायला काय लागतं? पण मी पोरांना चुकलेला प्रयोगसुद्धा लिहून काढायला लावणारी बाई. मी म्हटलं, “त्यांची वेगळी गाय आहे. तिला चोथा घालत नाहीत. पण त्याचं कारण...”

“म्हणजे त्यांनाही चालत नाही,” मराठे म्हणाले.

“अहो, ऐकून घ्या! पेंडही घालत नाहीत! विकतचं काहीच घालत नाहीत! ही रीत ब्रुवरीच्या आधीची...”

कुणी ऐकत नव्हतं. पदर सावरलेल्या दोघीजणी एकमेकींकडे बघत होत्या. हात वर झाले. माझ्या एकटीचा खाली राहिला. रतीब बंद करून पिशव्या घ्यायचा ठराव मंजूर. वैयक्तिक पातळीवर कुणाला ते दूध घ्यायचं असल्यास सोसायटीची हरकत नाही, असं मराठ्यांनी उदार मनानं जोडलं. एका घराच्या अर्ध्या लिटरसाठी खराडीहून गाडी येत नसते, हे त्यांनाही कळत होतं.

विजयला फोन मीच केला. तो आनंदेल, असं वाटलं होतं. “बरं झालं बाई,” एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. त्या आठवड्यातच म्हशी गेल्या. दौंडकडचं कुणीतरी घेऊन गेलं.

पुन्हा खराडी

यानंतर तिकडे जायचं माझ्या मनात नव्हतं. जायची वेळ आणली मराठे वहिनींनी. संध्याकाळी सोसायटीच्या आरतीला खाली गेले, तर निरांजनाशेजारी नैवेद्याच्या ताटात बिस्किटं. तपकिरी, जाडीभरडी, बाजूला कागदी पिशवी, तिच्यावर जवाच्या कणसाचं सुंदर चित्र.

“घ्या ना मॅडम,” वहिनी म्हणाल्या. “मुलांना वाटायला आणलीत. ब्रुवरीतच मिळतात आता. त्यांच्याकडे धान्य उरतं, म्हणे, आणि एका दिवसात आंबून वास मारतं. हल्ली न्यायला कुणी येत नाही, म्हणून त्यांनी हे काढलंय. काहीच वाया जात नाही. फायबर केवढं!”

मी बिस्किट हुंगलं. तोच वास. गुळाआधीची लापशी.

“वहिनी, हा चोथा आहे. म्हशी खायच्या तो.”

“शी! काहीतरीच काय? हे बेक केलेलं आहे.”

मी आयुष्यात प्रथमच आरती अर्धी सोडली. ओरडले नाही. ओरडून उपयोग असतो तो लाजणाऱ्या माणसांपुढे. ती कागदी पिशवी उचलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस धरली. का नेत होते, मला सांगता येणार नाही. बहुतेक माझ्या बाजूनं चिडणारं दुसरं कुणीतरी हवं होतं.

गोठ्याची फरशी स्वच्छ धुतली होती. पांढरे पट्टे मारले होते आणि पट्ट्यांमध्ये गाड्या उभ्या होत्या. सुभद्राबाई ओट्यावर बसल्या होत्या, हात मांडीवर रिकामे. इतक्या सकाळी त्यांचे हात रिकामे असतील, अशी मी कल्पनाच केली नव्हती. त्यांनी चहा केला. बिनदुधाचा होता, देवाच्या गाईचं दूध देवालाच. मी त्याबद्दल काही विचारलं नाही.

मी बिस्किटांचं सगळं सांगितलं. ताट, निरांजन, फायबर. मी सांगताना भडकत होते आणि त्या शांतपणे ऐकत होत्या.

“देवापुढं ठेवलं?” त्यांनी विचारलं.

“ठेवलं.”

“तुमच्याच लोकांनी?”

“आमच्याच.”

त्यांनी एक बिस्किट घेतलं, मोडलं, नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मला वाटलं, आता हसतील, देवावरून मागच्यासारखा टोला हाणतील. मी वाट पाहत होते. त्यांनी दोन्ही तुकडे परत पिशवीत टाकले, तिचं तोंड दुमडलं आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

“न्या बाई परत,” त्या म्हणाल्या. “माज्या म्हशींच्या तोंडचा घास हाय ह्यो. माज्या घशाखाली न्हाई उतरायचा.”